लॅपटॉप झोपेतून उठतो, वायफाय उठत नाही

पहाटवारा | सोमवार, सकाळी ८:४०

मंडळी, मदत हवी आहे. रोज सकाळी ७ ला मी ऑनलाइन शिकवते. रात्री काम संपलं की लॅपटॉपचं झाकण मिटते आणि सकाळी उघडते. गेल्या महिनाभरात मध्येच एखाद्या सकाळी वायफाय दगा देतं. नेटवर्कचं नाव दिसतं, ‘कनेक्टेड’ असंही येतं, पण पुढे ‘नो इंटरनेट’. काल तेच झालं. मुलं वाट बघत बसली होती आणि मी इकडे राऊटरची वायर काढून परत लावत होते. पंधरा मिनिटं वाया गेली, फार वाईट वाटलं.

लक्षणं जमतील तेवढी सांगते. दिवसा तास-दोन तास झाकण मिटून ठेवलं तर काही होत नाही, रात्रभर राहिला तरच होतं. तेही रोज नाही. राऊटर बंद करून सुरू केला की पुढचे पाच-सहा दिवस सुरळीत जातात, मग परत एक सकाळ अशी येते. त्याच वेळी माझ्या फोनवर त्याच वायफायने सगळं नीट चालू असतं. लॅपटॉप रिस्टार्ट करून फरक पडत नाही.

विंडोज ११ आहे. ड्रायव्हर नवा टाकून झाला, एअरप्लेन मोड चालू-बंद करून झाला. आता फक्त नेटवर्क रीसेट राहिलंय. करू का?

खटपट्या | सोमवार, सकाळी ९:०५

रीसेट नका करू इतक्यात. त्यात साठवलेली सगळी वायफाय नावं, पासवर्ड आणि व्हीपीएनच्या सेटिंग उडतात, आणि दुखणं बहुतेक वेळा तसंच राहतं.

आधी हे बघा: डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अॅडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी संगणकाला द्यायची का, अशी एक खूण असते. ती काढा. झोपेतून उठल्यावर वायफाय जाणं म्हटलं की दहातल्या सहा वेळा मी हीच खूण काढतो.

पहाटवारा | सोमवार, सकाळी ९:३०

तो टॅबच नाही माझ्याकडे. जनरल, अॅडव्हान्स्ड, ड्रायव्हर, डिटेल्स, इव्हेंट्स, रिसोर्सेस एवढेच दिसतात. मी चुकीच्या जागी बघतेय का?

तारायंत्र | सोमवार, दुपारी १:१५

पहाटवारा ताई, जागा बरोबर आहे. टॅब नाही याचा अर्थ तुमचा लॅपटॉप बहुधा नव्या पद्धतीने झोपतो. खात्री करायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /ए’ द्या. उत्तरात ‘स्टँडबाय, एस०, लो पॉवर आयडल’ असं आलं तर मॉडर्न स्टँडबाय, आणि ‘एस३’ आलं तर जुनी झोप.

फरक समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुन्या झोपेत फक्त मेमरीला वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद. वायफाय कार्डही निजतं, आणि जाग आल्यावर ड्रायव्हर त्याला पहिल्यापासून उभं करतो. मॉडर्न स्टँडबायमध्ये यंत्र फोनसारखं वागतं. स्क्रीन काळी असते, पण आतून ते पुरतं झोपलेलं नसतं, मधूनमधून डोळे उघडून मिटतं. वायफाय जोडलेलं ठेवायचं की सोडायचं हे सिस्टीम ठरवते. बॅटरी बरीच उतरली तर मध्येच हायबरनेटमध्येही (चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद) जाते. म्हणून तासाभराची झोप आणि रात्रभराची झोप या एकच गोष्ट नव्हेत. कार्डाची वीज व्यवस्थाही सिस्टीमच सांभाळते, त्यामुळे तो टॅब लपवलेला असतो.

आता खरा मुद्दा. ‘उठल्यावर वायफाय चालत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात.

पहिलं, कार्डच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत नाही किंवा पिवळा त्रिकोण घेऊन बसलेलं असतं, कोड १० किंवा कोड ४३.

दुसरं, कार्ड आहे, पण राऊटरशी जुळत नाही. नाव दिसतं, जोडायला गेलं की फिरत राहतं आणि शेवटी ‘जोडता आलं नाही’.

तिसरं, राऊटरशी जुळलंय, पण पुढे काही जात नाही. तुमचं हे तिसरं दिसतंय.

पहिल्यावर जो उपाय चालतो तो तिसऱ्यावर चालत नाही, आणि लोक नेमके सगळ्यांवर सगळे उपाय करून बघतात. त्यामुळे माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी अडलं की राऊटरला हात लावायच्या आधी दोन मिनिटं काढा आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ देऊन स्क्रीनचा फोटो घ्या. त्यात वायफाय अॅडॅप्टरपुढचा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा आकडी पत्ता, काय आहे ते हवंय. रिस्टार्ट केलं की पुरावा पुसला जातो.

आणखी एक, जमलं तर: अडलेलं असतानाच फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडून बघा.

निळीशाई | सोमवार, दुपारी ३:५०

धागा माझ्या कामाचा आहे, मध्येच विचारते. माझ्याकडे विंडोज नाही, उबुंटू (लिनक्स) आहे. झाकण उघडलं की वायफायचं चिन्हच नाही, रिस्टार्ट केल्याशिवाय येत नाही. हे तुमचं पहिलं दुखणं ना?

तारायंत्र | सोमवार, संध्याकाळी ६:२०

हो, पहिलंच वाटतंय, पण आधी टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ देऊन बघा. तिथे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर कार्ड ठीक आहे, फक्त कळ बंद पडली आहे, ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटेल. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा कडेची कळ बघा.

तसं नसेल तर ‘एलएसपीसीआय -के’ द्या. वायफाय कार्डाच्या खाली कोणतं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, वापरात आहे त्याचं नाव मिळेल. ते मॉड्यूल ‘मॉडप्रोब -आर’ने काढून ‘मॉडप्रोब’ने परत चढवा. रिस्टार्टशिवाय वायफाय परत आलं तर निदान पक्कं: जाग आल्यावर ड्रायव्हर कार्डाला नीट उभं करू शकत नाही. मग हेच दोन आदेश एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून सिस्टीमडीच्या ‘सिस्टीम-स्लीप’ फोल्डरमध्ये ठेवायचे. झोपायच्या आधी त्या स्क्रिप्टला ‘प्री’ हा शब्द मिळतो आणि उठल्यावर ‘पोस्ट’. ‘प्री’ला मॉड्यूल काढा, ‘पोस्ट’ला चढवा. फाइल एक्झिक्युटेबल करायला विसरू नका, बरेच जण तिथेच अडतात.

कार्ड दिसतंय, पण उठल्यावर फारच रडतखडत चालतंय, अशी तऱ्हा असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’ आहे का ते बघा. ३ म्हणजे वीजबचत चालू. २ करून सेवा पुन्हा सुरू करा.

निळीशाई | सोमवार, रात्री ९:४५

मॉडप्रोबने लगेच आलं! स्क्रिप्ट टाकली, पाचदा झाकण मिटून उघडलं, पाचही वेळा नीट. गेलं वर्षभर मी दिवसातून चारदा रिस्टार्ट करत होते. मनापासून आभार.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ८:१०

पहिल्या दुखण्याचा माझाही अनुभव लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोग होईल. माझ्याकडे विंडोज आणि मॉडर्न स्टँडबाय. उठल्यावर वायफाय कार्ड कोड १० दाखवायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिसेबल’ आणि परत ‘एनेबल’ केलं की चालायचं. रोज हाताने कोण करणार, म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये काम लावलं: जाग आली की पॉवरशेलमधून ‘रीस्टार्ट-नेटअॅडॅप्टर’ चालव. जाग आल्याची खूण म्हणून विंडोजच्या नोंदवहीतली ‘पॉवर-ट्रबलशूटर, इव्हेंट १’ ही नोंद जिकडेतिकडे सांगितलेली असते, तीच लावली. काम एकदाही चाललं नाही.

दोन संध्याकाळी त्यात घालवल्यावर उलगडलं. तो इव्हेंट जुन्या झोपेतून किंवा हायबरनेटमधून उठल्यावर नोंदला जातो. मॉडर्न स्टँडबायमध्ये ‘कर्नल-पॉवर’ या स्रोताखाली ५०६ म्हणजे आत जाणं आणि ५०७ म्हणजे बाहेर येणं. ५०७ लावलं आणि काम चालू झालं, पण फक्त चार्जर लावलेला असताना! ‘कंडिशन्स’ टॅबमध्ये ‘एसी पॉवर असेल तरच’ ही खूण आधीपासूनच केलेली असते. ती काढली, ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची केली, आणि तेव्हापासून सुखात आहे.

पुढे लॅपटॉप कंपनीच्या साइटवर बायॉसचं नवं व्हर्जन आलं, ते टाकल्यावर कोड १० येणंच थांबलं. ते काम आता काढून टाकलंय. म्हणजे माझ्या बाबतीत मूळ दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये नव्हताच, पण तोवर त्या कामाने वेळ निभावून नेली.

सांजसकाळ | मंगळवार, दुपारी १२:३०

माझा डेस्कटॉप आहे, यूएसबीचा वायफाय डोंगल. स्लीपमधून उठल्यावर डोंगल काढून परत लावावा लागतो. वर लिहिलेलं मला लागू होतं का?

खटपट्या | मंगळवार, दुपारी २:००

तुम्हाला यूएसबीच्या सेटिंगकडे बघावं लागेल. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा. डोंगलचीच नाही, हबचीसुद्धा. हब निजला की त्याच्यावरचं सगळंच निजतं.

अवांतर: डोंगल यूएसबी ३च्या निळ्या पोर्टात असेल आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर तो डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरवर घेऊन थोडा लांब ठेवा. यूएसबी ३चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. झोपेशी संबंध नाही, पण फरक जाणवतो.

पहाटवारा | शनिवार, सकाळी ७:२५

सापडलं! आज परत अडलं, सुदैवाने शनिवारी तास नसतो. राऊटरला हात लावला नाही. तारायंत्रांनी सांगितलेलं सगळं केलं.

आयपीव्ही४च्या पुढे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आहे. एरवी १९२.१६८ असतो, हे मला आठवतंय. फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप झटकन जुळला आणि इंटरनेट सुरू झालं. हे मी त्यावरूनच लिहितेय. घरचं वायफाय लॅपटॉपवर अजून बंदच आहे, मुद्दाम तसंच ठेवलंय. पुढे काय बघू?

तारायंत्र | शनिवार, सकाळी ७:५०

शाबास! या दोन गोष्टींनी निम्मं काम केलं.

१६९.२५४ हा पत्ता राऊटर देत नाही. लॅपटॉप राऊटरकडे पत्ता मागतो, बराच वेळ उत्तर येत नाही, तेव्हा तो स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतो, तो हा. म्हणजे वायफाय जुळलेलं आहे, पासवर्ड बरोबर आहे, फक्त पत्ता मिळत नाही. आणि हॉटस्पॉटवर लगेच चाललं म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, झोप यांपैकी कशाचाही दोष नाही. लॅपटॉप नीट उठतोय, पण राऊटर त्याला पत्ता देत नाहीये.

आता फोनवरून राऊटरच्या सेटिंगचं पान उघडा, फोन घरच्या वायफायवर ठेवून. डीएचसीपी (पत्ते वाटायची व्यवस्था) असं लिहिलेला भाग शोधा. तीन गोष्टी हव्यात: पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतो, लीज टाइम (एक पत्ता किती वेळ राखून ठेवतो) किती, आणि आत्ता कुणाकुणाला पत्ते दिले आहेत त्याची यादी.

पहाटवारा | शनिवार, सकाळी ८:२०

सुरुवात शेवटच्या आकड्यात १०० ने, शेवट १०९ ने. लीज टाइम ६०४८००.

यादीत दहा ओळी आहेत. दोन फोन, टीव्ही, प्रिंटर. उरलेल्या सहाही ओळींत माझ्या लॅपटॉपचंच नाव आहे! प्रत्येक ओळीत पत्ता वेगळा, आणि मॅक अॅड्रेस म्हणून जे लिहिलंय तेही वेगळं. एकच लॅपटॉप आहे माझ्याकडे. कुणी घुसलंय का नेटवर्कमध्ये? भीती वाटतेय.

तारायंत्र | शनिवार, सकाळी ८:३५

घाबरू नका, कुणी घुसलेलं नाही. मॅक अॅड्रेस म्हणजे राऊटर ज्यावरून यंत्र ओळखतो तो वायफाय कार्डाचा स्वतःचा पत्ता. त्या सहा मॅक अॅड्रेसमधलं दुसरं अक्षर बघा. २, ६, ए किंवा ई असेल तर तो कार्डावर कारखान्यात कोरलेला पत्ता नाही, सॉफ्टवेअरने बनवलेला आहे.

मग लॅपटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क, वायफाय, तुमच्या घरच्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. तिथे ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’समोर काय आहे?

पहाटवारा | शनिवार, सकाळी ८:५०

सहाही ठिकाणी दुसरं अक्षर तुम्ही म्हणता त्यातलंच. आणि तिथे ‘चेंज डेली’ आहे. हो, मीच केलं होतं! महिन्यापूर्वी खासगीपणाबद्दल वाचलं होतं, तेव्हा बदललं. त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

तारायंत्र | शनिवार, सकाळी ९:३०

झालं, आता सगळं जुळतं. आकडेमोड करून बघा.

राऊटरकडे वाटायला दहाच पत्ते, १०० ते १०९. फोन, टीव्ही, प्रिंटर मिळून चार कायमचे गुंतलेले, उरले सहा. ६०४८०० सेकंद म्हणजे बरोबर सात दिवस. एकदा पत्ता दिला की राऊटर सात दिवस तो त्या मॅक अॅड्रेसच्या नावावर राखून ठेवतो. तुमचा लॅपटॉप रात्री वायफाय सोडतो, सकाळी नवा मॅक अॅड्रेस घेऊन येतो. राऊटरच्या दृष्टीने तो दर दिवशी एक नवा पाहुणा. त्याला नवा पत्ता देतो, आणि कालचा पत्ता कालच्या पाहुण्यासाठी अडवून ठेवतो, जो आता कधीच परत येणार नाही. सहा दिवसांत सहा पत्ते संपले. सातव्या सकाळी देण्यासारखं काही उरलंच नाही.

दिवसा झाकण मिटलं तर त्याच दिवसाचा मॅक अॅड्रेस राहतो, म्हणून तेव्हा काही होत नव्हतं. फोनचा पत्ता आधीच राखलेला, तो वेळोवेळी आपली मुदत वाढवून घेतो, म्हणून फोन चालू. लॅपटॉप रिस्टार्ट केला तरी यादी राऊटरमध्ये, म्हणून फरक नाही. राऊटर बंद-चालू केला की बऱ्याच राऊटरांची ही यादी पुसली जाते, तुमच्याही राऊटरची पुसली जात असणार, म्हणून पुढचे पाच-सहा दिवस सुरळीत. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये हे सगळं अचूक लिहिलं होतं, फक्त आपण सगळे झोपेकडेच बघत बसलो, मीही.

उपाय: घरच्या नेटवर्कसाठी ते ‘ऑफ’ करा. बाहेरच्या अनोळखी वायफायवर चालू ठेवायला हरकत नाही, ही सेटिंग प्रत्येक नेटवर्कची वेगळी असते. शिवाय राऊटरमध्ये पत्त्यांची मर्यादा १०० ते १९९ करा आणि लीज एक दिवसाची, म्हणजे ८६४००. दहाची मर्यादा कुणीतरी बसवताना शिस्त म्हणून ठेवली असेल, पण तिच्याने सुरक्षा वाढत नाही. घरी सहा पाहुणे आले तरी ती अपुरी पडेल.

खटपट्या | शनिवार, सकाळी ९:५५

वा! मी पॉवर मॅनेजमेंटच्या खुणेवरच अडून बसलो होतो. हे मला सुचलं नसतं.

पहाटवारा | शनिवार, सकाळी १०:१५

तिन्ही बदल केले. लॅपटॉप घरच्या वायफायवर आला, पत्ता १९२.१६८ने सुरू होणारा. यादीत आता माझं नाव एकदाच आहे.

एक शंका. गेल्या दिवाळीत बहीण आली होती तेव्हा तिच्या फोनला आमचं वायफाय मिळत नव्हतं, पासवर्ड बरोबर असून. तेव्हा तर ‘चेंज डेली’ नव्हतं.

तारायंत्र | शनिवार, सकाळी १०:४०

तेव्हा लॅपटॉप धरून पाच गुंतलेले, पाच मोकळे. घरात आणखी पाहुणे होते का? त्यांचे फोन, टॅब, जुन्या पाहुण्यांचे सात दिवस राखलेले पत्ते, एवढ्यात दहा सहज भरतात. बहुतेक तेच.

पहाटवारा | शनिवार, सकाळी १०:५०

हो, सगळं घर भरलं होतं.

सांजसकाळ | रविवार, संध्याकाळी ५:१०

हबच्या खुणा काढल्या, दोन दिवस डोंगलला हात लावावा लागलेला नाही. सिलेक्टिव्ह सस्पेंड एकट्याने काम झालं नव्हतं, हबनंतरच झालं.

पहाटवारा | पुढच्या महिन्यातला मंगळवार, सकाळी ८:०५

नंतर शोधत येणाऱ्यांसाठी धागा वर काढतेय. आज पंचवीस दिवस झाले. रोज रात्री झाकण मिटते, रोज सकाळी सातला तास वेळेवर सुरू होतो. राऊटर त्या शनिवारपासून एकदाही बंद केलेला नाही. तारायंत्र, खटपट्या, तुमचे खूप आभार. आज तासानंतर एका विद्यार्थिनीने सांगितलं की तिच्याकडेही ‘नो इंटरनेट’ येतं. तिला आधी ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चा फोटो पाठवायला सांगितलाय, आला की इथे लिहिते.